सोड्याच्या एजन्सीची सोयरीक

रनाळ्यात सोड्याची पहिली बाटली उघडली ती आमच्या ओट्यावर, आणि तिचा आवाज नंदुरबार स्टेशनापर्यंत गेला, असं मी आजवर सांगत आले आहे. कुणी अंतर विचारलं तर मी वाऱ्याची दिशा सांगते.

बाटली उघडणारा मुंबईचा माणूस होता. अंगात कोट, डोक्याला काळी टोपी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण आजवर तहानेलेच जगलो असं वाटावं. त्याने अंगठ्याने बाटलीच्या तोंडातली गोळी आत दाबली आणि फाट्‌ आवाज झाला. माझे थोरले दीर खाटेखाली गेले. नंतर म्हणाले, चपला शोधत होतो. चपला पायातच होत्या. गोठ्यातल्या म्हशीने त्या संध्याकाळी फेसाळ दूध दिलं. हे मात्र अगदी खरं, कारण धार मीच काढली होती.

आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, तेवढे जागचे हलले नाहीत. ते बाटलीतल्या बुडबुड्यांकडे बघत राहिले. नव्या नवरीकडेही त्यांनी असं पाहिलं नव्हतं. आणि ते माझ्याहून अधिक कुणाला माहीत असणार!

कंपनीचं म्हणणं असं होतं. यंत्र ती देणार, बाटल्या ती देणार, गॅसची नळकांडी आगगाडीने येणार, वासाचे अर्क पेटीत बंद होऊन येणार. नंदुरबार गाव आणि भोवतालच्या मुलखात तुमच्याशिवाय दुसरा एजंट नेमणार नाही. तुम्ही फक्त अनामत भरायची, दुकानावर कंपनीची पाटी लावायची, डोक्यावर कंपनीने दिलेली पांढरी टोपी घालायची आणि पैसे गल्ल्यात टाकायचे. आणखी एक अट होती. एजंटाला दुसरा धंदा किंवा नोकरी करता येणार नाही.

नोकरी म्हणजे मास्तरांची लोकल बोर्डाच्या शाळेतली. शेती सगळी थोरल्या दिरांच्या हाती होती. पिकलं तर वाटा मिळायचा, नाही पिकलं तर उपदेश. आमच्या चुलीला भरवशाचा आधार काय तो मास्तरांचा पगार. एकदा राजीनामा दिला की बोर्ड परत घेत नाही, दारात दहा जण व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास होऊन उभे असतात. पण चौदा वर्षं खडूची भुकटी गिळून मास्तरांच्या घशाला कोरड पडली होती. त्या कोरड्या घशाला कुणीतरी एकदम सोडाच दाखवला.

"विचार करा," कंपनीचा माणूस जाताना म्हणाला, "पण होळीच्या आत सांगा. तुमच्यासारखे शिकलेले एजंट मिळाले तर कंपनीचं नाव राहील." आणि छापील कराराचा कागद ठेवून गेला.

शिकलेले म्हटल्यावर संपलंच. मास्तरांनी तो कागद तीनदा वाचला. पहिल्यांदा मनात, दुसऱ्यांदा मोठ्याने आणि तिसऱ्यांदा छपाई किती सुबक आहे ते बघत.

आता मास्तर काही उठून उडी मारणारे नव्हते. ते बटाटेसुद्धा चार दुकानं फिरून घेत आणि शेवटी पहिल्याच दुकानात परत येत. "संपूर्ण चौकशी केल्याशिवाय मी सही करणार नाही," असं त्यांनी जाहीर केलं. थोरल्या दिरांनी मान डोलावली.

"बरोबर शे, मास्तर. खांडबाराले ह्याच कंपनीना एजंट शे. आपन जाईसन देखूत. घर देखूत, मान्सं देखूत, मंग बोलूत."

चौकशी म्हटलं की आमच्याकडे एकच प्रकार माहीत. सोयरिकीची. बैल घ्यायचा असो, विहीर खणायची असो, की कोर्टात वकील करायचा असो, चार वडीलधारे पागोटी बांधून निघतात, समोरच्या ओट्यावर बसतात, पाणी पितात, गावकी-भावकी विचारतात, आणि घर चांगलं निघालं की व्यवहार चांगला. तर त्या रविवारी मास्तर, थोरले दीर, मास्तरांचे मामा आणि दिरांचे एक व्याही असे चौघे, नव्या उपरण्यांत, नंदुरबारहून आगगाडीने खांडबाऱ्याला सोड्याची एजन्सी बघायला गेले. मामांनी सुपारीही बरोबर घेतली होती. जमलंच तर लगेच फोडायला.

संध्याकाळी परत आले ते ढेकर देत. वेशीपाशी आल्याचं मला घरात कळलं. मामांच्या एका ढेकराने आमची मांजर जी पळाली ती तीन दिवसांनी शेजारच्या गावात सापडली. बसा म्हटलं, पाणी दिलं, तर मामा म्हणाले, "पानी नको वं बाय, आते जागा नही."

थोरल्या दिरांसमोर मी डोक्यावर पदर घेऊन दाराआडच उभी असायची. त्यांच्याशी सरळ बोलायची पद्धत नव्हती. मला काही विचारायचं असलं की मी म्हशीला विचारायची, नाहीतर जात्याला. उत्तर दीर देत. म्हैस मध्यस्थ म्हणून फार भरवशाची. ती निरोपात स्वतःचं काही घालत नाही.

"काय वं," मी म्हशीला म्हटलं, "खांडबाऱ्याचं कसं काय निघालं?"

"देव मानूस शे!" दीर म्हशीला म्हणाले. "ओटा असा सारवेल व्हता, का तेनावर भात सांडा ते उचलीसन खाई ल्या. दोन गायी दारशी. भाऊ-भाऊ एक ठिकाने. आनि दर मान्सले दोन-दोन बाटल्या पाज्यात, पैसा घिधा नही."

"दिवसाला बाटल्या किती खपतात, ते विचारलं का गं कुणी?"

 मामा खरोखरच दुखावल्यासारखे म्हणाले, "पहिली भेटमा असं कोनी इचारस का? बरं दिखस का ते?"

"आणि अनामत परत मिळते का?"

"आपन तठे पाहुना व्हतुत, बाय. पोलीस नही."

मास्तर मध्येच म्हणाले, "त्यांनी कंपनीची स्तुतीच केली. एक अक्षर वावगं बोलले नाहीत. आजूबाजूच्या दुकानदारांनाही मी विचारलं. सगळ्यांनी एकमुखाने उत्तम सांगितलं."

सांगणारच. आमच्याकडे कुणी स्थळाची चौकशी करायला आलं की वाईट बोलायचं नाही, हा नेम. जमत असलेल्या सोयरिकीत मोडता घालणं हे गाय मारण्याच्या खालोखाल पाप. नवरामुलगा आंधळा असला तर शेजारी सांगतात, "मुलगा कुणाकडे वाकड्या नजरेने पाहत नाही." बहिरा असला तर, "कधी कुणाला उलटून बोलत नाही." माझ्या एका आतेबहिणीच्या वेळी साऱ्या गावाने "त्यांच्या दारचा लिंब फार गार आहे" एवढंच सांगितलं. लग्नानंतर कळलं की घरात सांगण्यासारखं खरोखर तेवढंच होतं. तर हे चौघे सोयरिकीसारखी चौकशी करायला गेले, आणि सगळ्या खांडबाऱ्याने सोयरिकीसारखी उत्तरं दिली. कुणी खोटं बोललं नाही, कुणी खरंही बोललं नाही, आणि सगळे तृप्त झाले.

रात्रीचं जेवण कुणीच जेवलं नाही, पोटात वारा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांना एकट्याला गाठलं.

"तुम्ही काय म्हणून गेलात हो तिथे?"

"म्हणजे?"

"मुलाकडचे म्हणून गेलात. पाय पसरून बसलात, पाहुणचार घेतलात, दोन बाटल्या रिचवल्यात. पण अनामत कोण देणार? आपण. घर सोडून त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कोण राहणार? तुम्ही. टोपी ते देतील ती घालायची, अर्क ते देतील तोच वापरायचा, आणि माहेरी, म्हणजे शाळेत, परत यायची सोय नाही. मास्तर, या सोयरिकीत तुम्ही नवरदेव नाही. तुम्ही मुलगी आहात."

मास्तरांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. एवढ्या वर्षांत मी त्यांना बरीच विशेषणं लावली होती, हे नवीन होतं.

"मुलीचा बाप काय विचारतो?" मी पुढे रेटलं. "मुलाचं हे पहिलंच का? पहिली होती, तर ती कुठे गेली? मेली, की माहेरी आली, आणि आली तर का आली? खांडबाऱ्याच्या एजंटाच्या आधी तिथे कुणी होतं का?"

 मास्तर हळूच म्हणाले, "त्याच्या पाटीवर नाव नवीन होतं. पण खालून दुसरं एक नाव दिसत होतं. रंग पातळ लागला होता."

तेवढ्यात थोरले दीर दूध न्यायला आले. मी म्हशीकडे वळले. "खांडबाऱ्याला आधी कोण एजंट होता, ते कुणाला ठाऊक असेल गं?"

"तो का?" दीर म्हणाले. "तो बठ्ठं सोडीसन खापरले निंघी गया. तठे गूयनं दुकान शे त्यान्हं."

मास्तर ताडकन उठले. "दादा! तुम्हाला हे माहीत होतं?"

"कोनी इचारं माले?" दादांनी दूध घेतलं आणि गेले.

खापरला माझ्या मावशीचं घर, त्यामुळे जायला निमित्त होतं. शिवरात्रीची सुटी जोडून मास्तरांनी रजा काढली, दादांनी गाडी जुंपली, आणि आम्ही तिघं निघालो. त्या प्रवासात आम्ही तापी ओलांडली. पहिल्यांदा ही हकीकत मी सांगितली तेव्हा पाणी बैलांच्या गुडघ्यापर्यंत होतं. हल्ली ते शिंगांपर्यंत आलेलं आहे, आणि अजून दहा वर्षं जगले तर आम्ही तळोद्यापर्यंत पोहतच जाऊ. तळोद्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत खापरला पोचलो.

गुळाचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच होतं. माणूस गोलमटोल, हसरा. सोड्याच्या एजन्सीचं विचारायला आलोत म्हटल्यावर त्याचं हसू क्षणभर ओठातच अडकलं, पण लगेच सुटलं. "बसा, बसा! भाग्य आमचं!" म्हणत त्याने मास्तरांना आणि दादांना गादीवर बसवलं. मी परसदाराने आत गेले. आत जाताजाता माझ्या कानावर पडलं, "कंपनी म्हंजे, काय सांगू, मान्सं भलती गोड शेत. कागद कितला सुंदर छापतस!"

लिंब गार आहे, मी मनात म्हटलं.

आत त्याची बायको चुलीपाशी बसली होती. बाई हाडापेराने मजबूत, कपाळावर मोठं कुंकू, आणि नजर अशी की माणूस किती पाण्यात आहे ते तिला तो दारात असतानाच कळावं. तिने पाट दिला, पाणी दिलं. पाणी मी तोंडाला लावलं आणि थांबले. पाण्याला गुलाबाचा वास येत होता.

"माठात फुलं टाकता का हो?"

"फुलं कसानी वं माय," ती म्हणाली आणि चूल फुंकायला वळली.

मी सरळ मुद्द्यावरच आले. "आक्का, आमचे मास्तर शाळा सोडून सोड्याची एजन्सी घ्यायला निघालेत. तुमचा अनुभव काय? घरच्या माणसासारखं सांगा."

तिने फुंकणी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, बाहेरच्या गप्पांकडे कान दिला, आणि पुन्हा फुंकणी उचलली.

"मी काहीच सांगत नही, बाय. जमेल सोयरीकमा मोडता घालानं पाप कोन ली? आठेच जेवा तुम्ही. चाखी देखा, नि मंग काय समजानं ते समजा."

असं म्हणून ती स्वयंपाकाला लागली. मी भाकरी थापू लागले, आणि बघत राहिले. दाळीला फोडणी दिली, आणि फडताळातून एक निळी बाटली काढून तिने दाळीत चार थेंब टाकले. कढीत लाल बाटलीतले. भाताच्या आधणात हिरव्या बाटलीतले. मी विचारायला तोंड उघडलं, तशी तिने नुसतं वर बोट केलं.

वर माळा होता. शिडी चढून मी डोकं आत घातलं. कौलांपर्यंत पेट्या रचलेल्या. एकीवर एक, एकीमागे एक, अर्काच्या, कंपनीच्या नावाच्या. मी त्या मोजल्या नाहीत. मोजायला बसले असते तर अजून तिथेच असते. वाकलेल्या आढ्यावरून मात्र एवढं दिसत होतं की एक पेटी आणखी ठेवली असती तर घर खाली बसलं असतं.

खाली उतरले तेव्हा तिने आपला नेम जरा सैल केला. मोडता नाही, नुसती हकीकत.

"दर महिनाले बारा पेट्या. खपो का नही खपो. उन्हायामा ठीक शे, गाडीमाधला लोके पेतस. पन आषाढमा कोन पेस सोडा? बेडूक? वर पानी पडी ऱ्हायनं, नि खाले स्टेशनवर पेट्या उतरी ऱ्हायन्यात. परत पाठाई द्या म्हनं, ते म्हनतस कागदमा लिखेल नही. तीन वरीस व्हवाना आगोदर सोडं ते अनामत बुडनी." तिने दाळ ढवळली. "आमनं बठ्ठं घर आते अननसनं व्हई गयं. मन्ही म्हैसले बी सवय लागनी. पेंडमा दोन थेंब नही टाकात ते दूध देत नही."

ती म्हैस मी जाताना पाहिली. माझी शपथ आहे, तिच्या शेणाच्या गोवऱ्यांना अननसाचा वास येत होता, आणि रस्त्यावरून जाणारे गोवऱ्यांपाशी थांबून इकडेतिकडे फळ शोधत होते.

पानं वाढली. दादांनी भाकरी दाळीत बुडवून पहिला घास घेतला, आणि चावता चावता थांबले. डोळे बारीक केले. दुसरा घास घेतला.

"दाय भलती... थंडी लागस," ते म्हणाले. त्यांना दुसरा शब्द सुचला नसावा. पाहुणा म्हणून गेल्यावर अन्नाला नाव ठेवायचं नाही, हाही नेमच.

यजमान गूळवाल्याने पानात डोकं घातलं होतं. त्याचे कान लाल झाले होते. बायको वाढत होती ती शांतपणे, पुन्हा पुन्हा. "कढी ल्या ना, भाऊ. अजून ल्या. घरमा भरपूर शे."

मास्तरांनी कढीची वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला. गुलाब. मग भाताचा घास घेतला. आपल्या वर्गात एखाद्या पोराने उत्तर बरोबर लिहिलं पण रीत चुकवली की मास्तरांचा चेहरा जसा होतो, तसा झाला.

"शेटजी," मास्तर अगदी हळू म्हणाले, "करार अजून आहे का हो तुमच्याकडे?"

गूळवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती आत गेली, पापडाच्या डब्याच्या झाकणाखाली घातलेला कागद काढून आणला, तेल पुसलं आणि मास्तरांपुढे ठेवला. कागद अगदी तोच, तीच सुबक छपाई. मास्तरांनी तो उलटा केला. मागच्या बाजूला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत बराच मजकूर होता. आपल्या प्रतीची मागची बाजू मास्तरांनी कोरी समजून तिच्यावर इयत्ता तिसरीची हजेरी मांडली होती.

मास्तरांनी वाचायला घेतलं. दरमहा किती पेट्या. माल परत नाही. मुदतीआधी सोडल्यास अनामत जप्त. एकेका ओळीवर त्यांचं बोट थांबत होतं. मी दाराआडून बघत होते, आणि आता मला हसू येत नव्हतं. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या चुकांखाली रेघ मारणारा माणूस स्वतःच्या चुकीवर बोट ठेवत होता.

आता गूळवाल्याचीही जीभ मोकळी झाली. दाळीने बोलायचं ते बोलून टाकलं होतं, मोडता त्याच्या माथी येणार नव्हता. "कंपनी लबाड नही, मास्तर," तो म्हणाला. "मुंबईले बारा महिना लोके सोडा पेतस, तठला मान्सांनी कागद लिखा. आमना पावसाया त्यांनी देखाच नही. पाठशी मी दोन कागद लिखात, म्हनं पावसायाना चार महिना सोडी द्या. जबाब उना नही. पेट्या उन्यात."

"मग खांडबाऱ्याचा नवा एजंट एवढा खूश कसा?"

"दिवाईनंतर लागेल शे ना तो! त्यान्हा आषाढ येवाना शे अजून."

घरी येताना मास्तर दोन दिवस बोटांवर पेट्यांचा हिशेब करत होते. दादा मात्र मोकाट सुटले होते. प्रत्येक मुक्कामावर अननसाच्या दाळीची गोष्ट त्यांनी सांगितली, आणि रनाळ्याला पोचेपर्यंत तिच्यात गुलाबाची भाकरी आणि व्हॅनिलाचा ठेचाही आला. माझ्यावर अतिशयोक्तीचा आरोप करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की या घरात ती मला सासरकडून मिळाली.

कंपनीचा माणूस होळीच्या आदल्या दिवशी सकाळीच आला. मास्तर शाळेला निघायच्या बेतात होते. ओट्यावर दादा, मामा, व्याही, सगळे हजर. मास्तरांनी आपला करार आणला. इयत्ता तिसरीची हजेरी खोडून त्याखालची मुंगीची अक्षरं त्यांनी तांबड्या शाईने अधोरेखित केली होती, आणि समासात नीट अक्षरात लिहिलं होतं, 'ज्येष्ठ संपल्यापासून दसऱ्यापर्यंत पेट्या नकोत. न खपलेला माल परत घ्यावा.'

"एवढा फरक केलात तर मी आत्ता सही करतो," मास्तर म्हणाले. "राजीनामाही आजच देतो."

दाराआड मी देवाला हात जोडले. हा फरक त्या माणसाने मान्य केला असता तर? आमची चौकशी पुरी झाली होती, म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. कंपनीच्या माणसाने कागद पाहिला. तांबडी शाई पाहून त्याचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा झाला.

"मास्तर, हा छापील कागद आहे. मुंबईला हजारो छापलेत. तुमच्या एकट्यासाठी कसा बदलायचा? आणि अहो, पावसाळ्याचं काय घेऊन बसलात? उन्हाळ्यात इतकं मिळेल की पावसाळा आठवणार नाही!"

"पेट्या आठवण करून देतील," मास्तर म्हणाले.

"दुसरे लोक रांगेत उभे आहेत."

"त्यांना खापरला जेवायला पाठवा." मास्तरांनी कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली. "मी सही करणार नाही. आणि एक सांगतो, राग मानू नका. तुमच्या कंपनीत कुणाला तरी एक आषाढ इकडे राहायला पाठवा. नाव नक्की राहील."

तो माणूस वाईट नव्हता. त्याने मान हलवली, टोपी घातली, आणि जाताना सवयीने दोन बाटल्या ओट्यावर ठेवून गेला. मामांनी त्या ताबडतोब पिऊन टाकल्या. सोयरीक मोडली तरी पाहुणचार परत करायचा नसतो, म्हणाले.

सगळे पांगले. मास्तर खांबाला टेकून बसून राहिले. मी पदर सारखा करून बाहेर आले, समोर बसले. वाटलं होतं, मला जिंकल्यासारखं वाटेल. पण त्यांची बोटं तांबड्या शाईने माखलेली होती आणि ती ते धोतराला पुसत होते, पुसत होते. डाग जात नव्हता. नंदुरबार स्टेशनावर पांढरी टोपी घालून गल्ल्यावर बसलेले शेट मास्तर मलाही आता दिसत होते, आणि बरे दिसत होते.

"रागावलात?"

"नाही." त्यांनी बोटं पुसणं सोडलं. "एक विचारू? एवढं खोदून विचारायचं तुला सुचतं. पहिली कुठे गेली, का गेली. मग लग्नाच्या वेळी माझ्याबद्दल काय काय विचारलं होतंस?"

"मी कुठली विचारते! मी तेव्हा कडेवरून नुकती खाली उतरलेली. माझे वडील आले होते तुमच्या ओट्यावर."

"त्यांनी काय विचारलं?"

"एकच. 'पोऱ्याले पगार कोन देस?' तुमचे वडील म्हणाले, सरकार. लोकल बोर्ड. दर महिन्याला, पाऊस पडो न पडो. वडील तिथेच सुपारी फोडून आले."

"बस? स्वभाव? रंगरूप? हुशारी?"

"त्याची चौकशी मी करते आहे अजून," मी म्हटलं. "पुरी झाली की सांगेन."

 मास्तरांच्या पोटातून जे हसू फुटलं ते, मी सांगते, कुठल्याही बाटलीच्या तोंडून कधी फुटलं नसेल. दादा दोन घरं पलीकडून काय झालं म्हणून धावत आले. आणि तेवढ्यात शाळेच्या दिशेने पोरांचा कालवा ऐकू आला. दार उघडायला मास्तर नाहीत म्हणून अख्खी शाळा रस्त्यावर उभी होती. मास्तरांनी टोपी उचलली, उलटीच घातली, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा ते शाळेकडे पळत सुटले.